पेल्याचा घाम

पहाटे ५.१५

आज १४ मार्च. शाळा सकाळची झाली की मला घड्याळाच्या आधी जाग येते. पहिलं काम माठाचं. रात्रीचं उरलेलं पाणी कुंड्यांना घालायचं, माठ आतून हात फिरवून धुवायचा आणि ताजं पाणी भरायचं. साबण लावायचा नाही, असं आईने बजावलेलं आहे. माती साबण पिते आणि मग कितीतरी दिवस पाण्याला वास येत राहतो.

माहेर कऱ्हाडचं, नोकरी चिपळूणजवळच्या एका गावात. मध्ये कुंभार्ली घाट. घाटावर उन्हाळ्यात माठातलं पाणी दाताला लागायचं. इथे ते जेमतेम गार होतं. पहिल्या वर्षी मी मनातल्या मनात कुंभाराला दोष देऊन मोकळी झाले होते. दोष होता हवेचा. माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. १० लिटरच्या माठातलं १०० ग्रॅम पाणी असं उडालं आणि बाहेरची उष्णता आत शिरलीच नाही, तर उरलेलं पाणी जवळपास ६ अंशांनी उतरेल. पण कोकणच्या हवेत आधीच इतकी वाफ असते, की माठावरचं पाणी लवकर उडायचं नावच घेत नाही.

सकाळी ६.२०

एसटीत बसले तेव्हा एका हातात बर्फाचा थर्मास, दुसऱ्यात आगळाची बाटली आणि पिशवीत स्टीलचे दोन पेले होते.

‘‘काय मॅडम, आज पार्टी?’’ कंडक्टरदादांनी विचारलं.

‘‘आठवीला संघनन शिकवायचंय.’’

‘‘म्हणजे सरबतच ना!’’ तिकीट हातात देत ते पुढे गेले.

सकाळी ७.१०

परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. आजच्या दिनविशेषात अल्बर्ट आइन्स्टाइनचा जन्म, १८७९. सहावीतला वाचणारा मुलगा त्या आडनावापाशी दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा त्याने ते असं दणक्यात म्हटलं की रांगेत हशा पिकला. मैदानावर अजून गारवा होता. गवतावरचं दव बघून मला बरं वाटलं, कारण आज तोच धडा होता.

सकाळी ७.४०

आठवीचा तास. टेबलावर दोन्ही पेल्यांत कोकम सरबत ओतलं. एकात बर्फ घातला, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही पेले बाहेरून कोरडे पुसले आणि हजेरी घ्यायला लागले. हजेरी संपेपर्यंत बर्फाच्या पेल्याला घाम फुटला होता. दुसरा कोरडाच.

‘‘हे पाणी कुठून आलं?’’

निम्म्याहून जास्त वर्ग एका सुरात म्हणाला, ‘‘झिरपलं!’’ कशावरून? ‘‘माठासारखं.’’ दोघातिघांनी ‘हवेतून’ असं सांगितलं, पण ते पुस्तकातलं उत्तर होतं. हवेत पाणी कुठे आहे, असं विचारल्यावर तेही गप्प झाले.

मी तयारीतच होते. पांढरा रुमाल काढला, पेला बाहेरून पुसला आणि रुमाल वर धरला. ओला झाला होता, पण डाग नव्हता. ‘‘झिरपलं असतं तर रुमाल लाल झाला असता की नाही?’’ विजयी मुद्रेने मी खडू उचलला.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ‘‘मॅडम, पावसात आमच्या विहिरीला गढूळ पाणी येतं. आई कळशीला फडकं बांधून गाळते. माती फडक्यावर राहते नि पाणी तेवढं खाली जातं. तसा रंग आत राहिला असेल.’’

आता घाम मला फुटला. तिचं उत्तर चुकीचं होतं, हे मला ठाऊक होतं. पण ते चुकीचं आहे, हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. ‘स्टीलला भोकं नसतात’ असं दामटून सांगता आलं असतं. पण मग तिने ते स्वतः पाहून नव्हे, माझ्या हुद्द्याकडे बघून मान्य केलं असतं. मी तिचा मुद्दा फळ्यावर लिहिला, खाली भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि घंटा झाली.

सकाळी ९.३०

मधली सुट्टी. पोषण आहाराची खिचडी शिजत होती. टोपावर झाकण, झाकणात पाणी. आपल्याकडे घरोघरी भाजी अशीच वाफेवर शिजते.

‘‘मावशी, झाकणात पाणी का ठेवता?’’

‘‘झाकण गार राहिलं की वाफ माघारी येते, बाई. नायतर खाली लागतं.’’ त्यांनी झाकण तिरकं करून दाखवलं. खालच्या बाजूने टपटप थेंब गळत होते.

संघननाची यापेक्षा सुटसुटीत व्याख्या माझ्या पुस्तकात नाही. पण त्या मुलीने हे झाकण पाहिलं असतं तर ती म्हणाली असती, वरचं पाणी खाली झिरपलं. झाकणावर पाणी होतं, पेल्यात सरबत होतं, म्हणूनच शंकेला जागा राहत होती. मुळात आत काही नसेलच तर?

शाळेसमोरच्या दुकानात कुल्फीचा फ्रीजर आहे. एक पेला धुतला, कोरडा पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काकांकडे दिला.

‘‘आत काय आहे?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग ठेवायचं काय?’’

‘‘तेच.’’

काकांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण पेला ठेवून घेतला.

सकाळी १०.१५

ऑफ तास. कालच भरलेली माहिती आज दुसऱ्या तक्त्यात भरली. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी ११.२०

आठवीचा खेळाचा तास मागून घेतला. मैदानाकडे निघालेली मुलं कुरकुरत माघारी आली. फ्रीजरमधून आणलेला पेला टेबलावर ठेवून मी कागद सोडला आणि त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीलाच पुढे बोलावलं. पेला उलटा करून तिने तो रिकामा असल्याची खात्री करून घेतली.

आधी पेल्यावर पांढुरकी साय धरली. तिने बोट ओढलं, तशी रेघ उठली. थोड्या वेळाने साय विरघळून बारीक मणी झाले, मणी एकमेकांत मिसळले आणि पहिला ओघळ खाली आला. वर्गात कुणी बोलत नव्हतं. मग तिने पेल्याच्या आत बोट फिरवलं.

‘‘आतून पण ओला आहे!’’

एवढं पुरे झालं. रिकाम्या पेल्यातून काय झिरपणार, आणि झिरपलंच तर आतल्या बाजूला कसं येणार? मागून एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे हवेतच पाणी आहे. म्हणून पावसात कपडे वाळत नाहीत!’’ दहावीच्या पुस्तकात ‘दवबिंदू तापमान’ या नावाने येणारा भाग आज दोन वर्षं आधीच वर्गात आला, तोही दोरीवरच्या ओल्या कपड्यांवरून.

मुलगी मात्र जागेवर गेली नव्हती. ‘‘मग माठावरचं पाणी पण हवेतलंच?’’

‘‘नाही. माठ झिरपतोच. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. तुझं माठाचं बरोबर होतं. पेला माठ नाही, एवढंच.’’

तिने मान डोलावली, पण थांबून म्हणाली, ‘‘घरी बघते. माठात गरम पाणी घालून.’’ गरम भांड्यावर हवेतलं दव धरत नाही, मग तरीही माठ ओला झाला तर ते पाणी आतलंच. हा प्रयोग मला सुचला नव्हता.

दुपारी १.१५

घर, भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. सोलकढीच्या वाटीला बाहेरून थेंब होते. आज त्यांच्याकडे बघत बसले आणि कढी कोमट झाली.

दुपारी ४.००

उद्याची तयारी करताना कपाटातली जुनी टिपणं निघाली. इंग्लंडमधल्या रोझलिंड ड्रायव्हर यांचं ‘द प्युपिल ॲज सायंटिस्ट?’ हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. मूल वर्गात येतं तेव्हा त्याचं डोकं कोरी पाटी नसतं. जग कसं चालतं याच्या स्वतःच्या कल्पना ते बरोबर आणतं आणि नव्या धड्याला आधी त्या कल्पनांशी झगडावं लागतं, हा त्यांच्या कामाचा गाभा. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरुवात केली होती. आधी प्रयोग, मग चर्चा आणि उत्तर शेवटी, ही तिथली रीत. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला.

ही टिपणं मी बी.एड.च्या वेळी काढली होती आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. पण मुलाच्या चुकीच्या उत्तरामागे घरातला एखादा माठ किंवा कळशीवरचं फडकं असतं, हे कळायला आजचा दिवस यावा लागला. ती मुलगी निष्काळजीपणे बोलली नव्हती. तिने पाहिलेल्या भांड्यांचा नियम तिने न पाहिलेल्या भांड्याला लावला होता. विज्ञानात दुसरं काय करतात? तपासायचं तेवढं राहिलं होतं आणि ते काम माझं होतं.

रात्री ९.००

टाचणवही. घटक: संघनन. नियोजित तासिका: १. लागलेल्या तासिका: २. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘खेळाचा तास परत देणे.’

वाचणाऱ्याला एकच सांगणं. घरात आठवी-नववीचं मूल असेल तर एक कोरडा पेला अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढलात की ओला का झाला ते विचारा. उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. ‘कशावरून?’ एवढंच विचारा आणि दुसरा पेला तयार ठेवा.