घरातील संगणकांचे बिनतारी जाळे : कीडनोंदी एकत्र ठेवण्याचा मार्ग

रायपूर परिसरातील भात उत्पादकांच्या घरी खोडकिडा व तपकिरी तुडतुड्यांच्या प्रकाश सापळ्यातील नोंदी दोन संगणकांत विखुरल्या, तर कीड वाढत असल्याचे उशिरा लक्षात येते व फवारणीचा निर्णय लांबतो. राउटरने हे संगणक परस्परांशी जोडता येतात. त्यासाठी इंटरनेट आवश्यक नाही. सेवा खंडित असतानाही नोंदी पाहता येतात.

राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. भिंती जाड असल्यास ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ पट्टा निवडावा. वेग कमी, पण पल्ला अधिक मिळतो. मूळ पासवर्ड बदलून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा ठेवावी. नोंदींचे एकच फोल्डर सामायिक करावे. ते असलेला संगणक सुरू असणे आवश्यक आहे. दर आठवड्याला त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.