होमिओपॅथी, निसर्गोपचार आणि वनौषधी चिकित्सा : साम्याचा आभास आणि भेदाचे स्वरूप

प्रस्तावना

“होमिओपॅथीचे औषध चालू आहे. झाडपाल्याचेच असते, त्यामुळे अपाय काही नाही.” सातारा-सांगली परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात हे वाक्य वर्षातून अनेकदा कानावर पडते. या एका वाक्यात दोन स्वतंत्र गैरसमज दडलेले आहेत. होमिओपॅथीचे औषध झाडपाल्याचेच असते, हा पहिला. आणि झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही, हा दुसरा. आधुनिक वैद्यकाहून वेगळे ते सर्व ‘नैसर्गिक’ या एकाच शब्दाखाली आणण्याची सवय सुशिक्षित वर्गातही रुजली आहे. वस्तुतः या तीन उपचारपद्धतींची मूळ भूमिका, औषधाविषयीची कल्पना आणि त्यांच्यापासून संभवणारे धोके परस्परांहून पूर्णतः भिन्न आहेत. प्रस्तुत लेखात या भेदाची चर्चा केली आहे.

एकच कांदा, तीन दृष्टी

कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लोणंदचे (ता. खंडाळा, जि. सातारा) उदाहरण घेऊ. तेथून आणलेला कांदा घरात आहे आणि घरातील एका व्यक्तीला सर्दी झाली आहे. आजी कांद्याचा रस काढून मधातून चाटवील. येथे रसातील द्रव्य शरीरावर प्रत्यक्ष परिणाम करील, अशी अपेक्षा असते. ही वनौषधीची दृष्टी होय. निसर्गोपचारक कांद्याला औषध म्हणणारच नाही. तो जड आहार थांबवून वाफ घेण्यास व विश्रांती घेण्यास सांगेल. कांदा आलाच तर आहाराचा घटक म्हणून येईल. होमिओपॅथिक डॉक्टर मात्र निराळाच विचार करतील. कांदा चिरताना निरोगी माणसाच्या डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते. म्हणून तशाच लक्षणांच्या सर्दीवर कांद्यापासून केलेले ‘ॲलियम सेपा’ हे औषध अतिविरल रूपात द्यावे, असे ते म्हणतील. वस्तू एकच असली तरी तिच्याकडे पाहण्याच्या तीन दृष्टी एकमेकींत मिसळत नाहीत.

होमिओपॅथी : लक्षणसाम्य आणि विरलीकरण

होमिओपॅथीचे प्रवर्तक सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) हे जर्मन वैद्य होते. १७९० मध्ये विल्यम कलेन यांच्या औषधविषयक ग्रंथाचे भाषांतर करीत असताना त्यांनी सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली आणि हिवतापासारखी लक्षणे अनुभवल्याची नोंद केली. त्यातून ‘समाने समाचे शमन’ हे तत्त्व त्यांनी मांडले. १८१० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ऑर्गेनॉन’ हा या पद्धतीचा आधारग्रंथ होय. ‘काट्याने काटा काढावा’ ही आपली म्हण या तत्त्वाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितली जाते. परंतु काढणारा काटा हातात धरता येतो, ही गोष्ट येथे विसरली जाते.

हे औषध वनस्पतीचेच असते असे नाही. ‘नॅट्रम म्युर’ म्हणजे आपले खाण्याचे मीठ, ‘एपिस’ मधमाशीपासून, ‘लॅकेसिस’ सापाच्या विषापासून, तर ‘आर्सेनिकम अल्बम’ सोमलापासून तयार होते. निसर्गोपचारक जे मीठ पथ्य म्हणून वर्ज्य करतो, तेच येथे औषध ठरते!

दुसरे वैशिष्ट्य विरलीकरणाचे. शततम पद्धतीत मूळ अर्काचा एक भाग ९९ भाग द्रवात मिसळून ठरावीक रीतीने हलवितात. त्यातील एक भाग पुन्हा ९९ भागांत मिसळतात. अशा तीस पायऱ्या झाल्या म्हणजे ‘३०’ पोटेन्सी सिद्ध होते. याचे प्रमाण सहज ध्यानात येत नाही, म्हणून कोयनेचा दाखला उपयोगी पडेल. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. भरलेल्या शिवसागर जलाशयात अर्काचा एक थेंब टाकून तो सर्वत्र मिसळला, तर येणारी विरलता शततम मापनाच्या आठव्या पायरीच्या किंचित पुढे जाते. तिसावी पायरी गाठण्यास त्यानंतरही एकवीस-बावीस शततम पायऱ्या कराव्या लागतील. ॲव्होगाड्रो अंकाचा विचार करता बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यताही नगण्य होते. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही.

होमिओपॅथीचे समर्थक यावर म्हणतात, की परिणाम द्रव्याचा नसून शक्तीकृत गुणाचा असतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये धातुजन्य औषधांच्या उच्च पोटेन्सीतही धातूचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले, याचाही आधार घेतला जातो. तथापि कण आढळणे आणि रोग बरा होणे यांत मोठे अंतर आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष मान्य आहे. मात्र होमिओपॅथिक डॉक्टर रुग्णाचे म्हणणे दीर्घकाळ ऐकून घेतात, ही बाब अन्य वैद्यकाने उचलण्यासारखी आहे, हेही नमूद केले पाहिजे.

वनौषधी : द्रव्याचे सामर्थ्य

वनौषधी चिकित्सेत द्रव्य हेच सर्वस्व असते. मात्रा वाढली की परिणाम वाढतो आणि अपायही वाढतो. याचे उत्तम उदाहरण मुंबईतीलच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या वापराविषयीचा शोधनिबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे १९५२ मध्ये या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते रक्तदाब उतरविते, तसेच काही रुग्णांत नैराश्यही निर्माण करते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील नरक्या या वृक्षात कर्करोगावरील औषधांना आधारभूत असलेले कॅम्प्टोथेसिन असते; त्यामुळेच त्याची बेसुमार तोड झाली. निरुपद्रवी वनस्पतीच्या मागे कोणी कुऱ्हाड घेऊन लागत नाही.

सांगलीची हळद तर आपल्या परिचयाचीच आहे. हरिपूरच्या पेवांत ती पिढ्यान्‌पिढ्या साठविली गेली आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. जखमेवरील हळदीच्या उपयोगाबद्दल १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले एकस्व भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. त्या लढ्याचे नेतृत्व डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्याकडे होते. येथे हे लक्षात घ्यावे, की वाद ज्ञान जुने की नवे याविषयी होता. हळदीने कोणकोणते रोग बरे होतात, याचा निवाडा त्यात झालेला नाही.

आयुर्वेद म्हणजे केवळ वनौषधी नव्हे, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. त्यास दोष-धातू-मलांची स्वतंत्र उपपत्ती असून रसशास्त्रात पारा, गंधक व धातूंची भस्मे येतात.

निसर्गोपचार : औषधाचाच नकार

निसर्गोपचाराची भूमिका या दोहोंहून वेगळी, किंबहुना दोहोंच्या विरोधी आहे. शरीर स्वतःस दुरुस्त करते. उपवास, मिताहार, माती, पाणी, ऊन, हवा व विश्रांती यांच्या साहाय्याने त्यास वाव द्यावा, असे ती मानते. कूने व युस्ट या जर्मन लेखकांच्या ग्रंथांचा महात्मा गांधींवर प्रभाव पडला. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यानंतर प्रकृती सुधारण्यासाठी ते काही काळ पाचगणीस राहिले होते. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राशी त्यांचा निकटचा संबंध आला आणि मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचन येथे त्यांनी ग्रामीण जनतेसाठी निसर्गोपचाराचे कार्य आरंभिले. ते पुढे मणिभाई देसाई यांनी चालविले. आज पुण्याच्या ‘बापू भवन’मध्ये राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. याच गांधीजींवर जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली व तीस त्यांनी संमती दिली होती, ही गोष्ट त्यांचे अनुयायी क्वचितच सांगतात.

पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळचे वानलेसवाडी येथील क्षयरुग्णालय ही आधुनिक वैद्यकाची केंद्रे होती. तरीही स्ट्रेप्टोमायसिनपूर्व काळात क्षयरोग्यास स्वच्छ हवा, विश्रांती व सकस आहार यांपलीकडे देण्यासारखे फारसे नव्हते. निसर्गोपचाराची मर्यादा आणि त्याचे मोल, दोन्ही या इतिहासात दिसतात. आहार व व्यायामाचा त्याचा आग्रह आज मधुमेह आणि रक्तदाबाच्या उपचारात सर्वमान्य आहे. क्षयाचे जंतू मात्र हवाबदलाने मरत नाहीत.

धोक्यांचे वेगळेपण

तिन्ही पद्धतींना एक समजण्याचे खरे मोल रुग्णास येथे द्यावे लागते. उच्च पोटेन्सीच्या होमिओपॅथिक गोळीत अपाय करण्याजोगे द्रव्यच नसते. तिचा धोका कालापव्ययाचा : मधुमेही मुलाचे इन्सुलिन थांबवून गोड गोळ्यांवर विसंबणे हे जिवावर बेतणारे आहे. मूळ अर्काची गोष्ट मात्र निराळी. तो विरल नसतो आणि त्यात मद्यार्क असतो. वनौषधीचा धोका द्रव्याचा आहे. जेष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. कोविडकाळात गुळवेल घेणाऱ्या मुंबईतील सहा रुग्णांत यकृतदाह आढळल्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने तो अमान्य करून वनस्पतीच्या ओळखीविषयी शंका घेतली. पण झाडपाल्यात नेमके झाड कोणते, हाच प्रश्न त्यातून पुढे येतो. निसर्गोपचारातील उपवास मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना केल्यास रक्तशर्करा अकस्मात उतरू शकते.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. होमिओपॅथी आणि भारतीय चिकित्सापद्धती यांसाठी २०२० मध्ये दोन स्वतंत्र राष्ट्रीय आयोगांचे कायदे झाले. बीएचएमएस, बीएएमएस आणि बीएनवायएस या तीन वेगवेगळ्या पदव्या आहेत. ‘झाडपाल्याचा वैद्य’ म्हणविणाऱ्याजवळ यांपैकी एकही असेलच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ “कोणती औषधे चालू आहेत?” असे विचारतात, तेव्हा अनेक रुग्ण काढे आणि चूर्णे सांगतच नाहीत, ती औषधे आहेत, असे त्यांच्या मनातच नसते.