आश्रमशाळेतील सहजीवन

विद्यार्थिमित्रहो, सायंकाळी शाळा सुटल्याची घंटा झाली, की तुम्ही दप्तर पाठीशी टाकून घराकडे धाव घेता. घरी आई वाट पाहत असते, धाकटे भावंड दारात उभे असते. परंतु घंटा झाल्यावरही जेथून कोणी घरी जात नाही, अशा शाळेची कल्पना तुम्ही कधी केली आहे काय? तेथे वर्ग, भोजनगृह, निजण्याची जागा, बाग आणि क्रीडांगण ही सर्व एकाच कुंपणाच्या आत असतात. तेथे शिक्षक हेच पालक आणि वर्गबंधू हीच भावंडे. अशा निवासी शाळेस आश्रमशाळा म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील असंख्य मुलामुलींचे बालपण अशा शाळांतून जाते. तेथील जीवन कसे असते आणि ते तसे का असते, हे आपण या पाठात पाहू.

प्रथम या प्रदेशाची ओळख करून घेऊ. पूर्वी हा सारा मुलूख चांदा या एकाच जिल्ह्यात मोडत असे. पुढे त्या जिल्ह्यास चंद्रपूर हे नाव मिळाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्यातील दोन तृतीयांशाहून अधिक भूमी अरण्याने आच्छादलेली आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या दाटीत लहान लहान पाडे विखुरलेले आहेत. एका पाड्याहून दुसऱ्या पाड्यास जाताना नाले उतरावे लागतात. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात या नद्यांना महापूर आला, की पलीकडच्या गावांचा जगाशी असलेला संबंध कित्येक दिवस तुटतो.

अशा ठिकाणी प्रत्येक पाड्यावर माध्यमिक शाळा काढणे शक्य होत नाही, आणि लहान मुलाने रोज अरण्य तुडवून दूरच्या शाळेत जाणेही सुरक्षित नसते. तेव्हा मुलांना एकत्र ठेवून शिकविणे हाच मार्ग उरतो. थोर समाजसेवक ठक्करबाप्पा यांनी १९२२ साली गुजरातेतील दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले आणि आदिवासी मुलांसाठी आश्रम व शाळा काढून या मार्गाचा पाया घातला. आज महाराष्ट्रात दोन प्रकारच्या आश्रमशाळा आहेत. काही शासन स्वतः चालविते, तर काही सेवाभावी संस्था चालवितात व शासन त्यांना अनुदान देते. पैसा लोकांचा, कारभार संस्थेचा आणि उत्तरदायित्व दोघांचे, अशी ही दुसऱ्या प्रकारची व्यवस्था आहे. अमेरिकेतही मिनेसोटा या राज्याने १९९१ साली कायदा करून याच्याशी काहीशा मिळत्याजुळत्या शाळांना सनदा देण्यास प्रारंभ केला.

आपल्या प्रदेशातील अशा शाळेचे सुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे हेमलकसा येथील आश्रमशाळा. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या अरण्यात लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रुग्णसेवा सुरू केली. त्या काळी तेथे वीज नव्हती आणि धड रस्ताही नव्हता. रुग्णांचे दुखणे त्यांच्याच तोंडून कळावे, म्हणून या दांपत्याने त्यांची माडिया भाषा शिकून घेतली. रोग बरे करता करता असे लक्षात आले, की अज्ञान हेही दुःखाचे एक मूळ आहे. म्हणून १९७६ साली तेथे शाळा उघडण्यात आली. या शाळेतून शिकून गेलेले विद्यार्थी पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाले आणि त्यांतील कित्येक आपल्याच भागात सेवेसाठी परतले. २००८ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

आश्रमशाळेतील दिनक्रम पहाटेच सुरू होतो. मुखमार्जन, व्यायाम व प्रार्थना झाल्यावर मुले आपापल्या गटाच्या कामास लागतात. एक गट अंगण झाडतो, दुसरा पाणी भरतो, तिसरा परसबागेत वांग्याच्या रोपांना आळी करतो, चौथा स्वयंपाकघरात तांदूळ निवडू लागतो. आठवडा सरला की कामे बदलतात. त्यामुळे पंगतीत बसलेल्या मुलाला ताटातील घासामागे किती हातांचे श्रम आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्याने स्वतः आळी केली, तो वांगे टाकून उठत नाही. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला होता, तो येथे असा सहजगत्या आचरणात येतो.

रात्रीच्या वेळची शिस्त तर याहून महत्त्वाची. गडचिरोली हा महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वांत अधिक उपद्रव असलेला जिल्हा आहे. म्हणून मोठ्या मुलांकडे लहानांच्या मच्छरदाण्या नीट खोचल्या आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम सोपविलेले असते. एखाद्याचे अंग तापलेले लागले, तर तत्काळ गुरुजींना उठवावयाचे, सकाळची वाट पाहावयाची नाही. दहा-बारा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच्या प्राणाची काळजी वाहतो, तेव्हा तो नागरिकशास्त्राचा धडाच गिरवीत असतो.

बहुतेक शाळांप्रमाणे येथेही विद्यार्थ्यांचे मंत्रिमंडळ असते. आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री अशी पदे असतात व त्यांची निवड मतदानाने होते. परंतु या मुलांना सभेची रीत शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. माडिया गावात गोटूल नावाची एक सार्वजनिक वास्तू असते. गावकरी तेथे जमतात, पाहुणे तेथे उतरतात आणि तरुणतरुणी तेथे नृत्यगायन करतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची ग्रामसभा तर साऱ्या देशास ज्ञात आहे. तेथे बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गावास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही प्राप्त झाला. अशा भूमीतील मुलांनी शाळेच्या सभेत, "आधी सर्वांचे ऐकून घेऊ, मग ठरवू," असे म्हटले, तर त्यात नवल ते काय?

क्रीडांगणावर ही मुले विशेष खुलतात. रानवाटा तुडविणाऱ्या पायांना धावणे शिकवावे लागत नाही आणि लहानपणापासून धनुष्य हाताळणाऱ्या हातांना नेम धरण्याचा सराव असतो. संमेलनाच्या रात्री ढोलाच्या ठेक्यावर रेला नृत्य सुरू होते. मुलेमुली हातात हात गुंफून फेर धरतात आणि पाहता पाहता शिक्षकही त्या फेरात ओढले जातात.

एवढे वाचून हे जीवन सर्वस्वी आनंदाचे आहे, असे मात्र समजू नका. सहा-सात वर्षांचे मूल आईला सोडून येते, तेव्हा पहिले कित्येक दिवस ते रात्री रडते. घरी ते माडिया किंवा गोंडी बोलते. या भाषा द्राविडी कुळातील, तेव्हा मराठीहून अगदी भिन्न. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. तहानलेल्या मुलाला 'पाणी' हा शब्द ठाऊक नसेल आणि गुरुजींना 'येर' हा शब्द ठाऊक नसेल, तर दोघांमध्ये अज्ञानी कोण म्हणावे?

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. याच भागातील एका आश्रमशाळेत मी मुख्याध्यापक असताना पाचवीत एक मुलगा होता. वर्गात तो कधी बोलत नसे. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी स्वहस्ते 'मंद' असा शेरा लिहिला होता. चैत्रात वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि तो न सांगता घरी निघून गेला. मी रागावलो व त्यास परत आणण्यासाठी त्याच्या गावी गेलो. भल्या पहाटे तो मोहाच्या झाडाखाली वाकून फुले वेचताना दिसला. मोहाची फुले रात्रीपासून गळू लागतात व सकाळीच वेचावी लागतात. त्या थोड्या दिवसांच्या वेचणीवर कुटुंबाचा पुष्कळसा आधार असतो. मला पाहून तो पळाला नाही. झाडाखालचा पाला जाळला तर वणवा पेटतो, म्हणून आम्ही तो झाडून काढतो, असे त्याने मला मोडक्या मराठीत समजावून दिले. भोवतालच्या वीस-बावीस झाडांची नावे आणि त्यांचे उपयोग त्याने एका दमात सांगितले. त्यांतील निम्मी झाडे मला ओळखताही येत नव्हती. शाळेत परतल्यावर मी तो शेरा खोडला. परंतु खोडलेली शाई कागदावर राहिलीच.

पुढील वर्षापासून आम्ही मोहाच्या हंगामापूर्वीच अभ्यास पुरा करू लागलो आणि हंगामात मुलांना पाळीपाळीने घरी जाण्यास रजा देऊ लागलो. शाळेच्या भिंतीवर माडिया, गोंडी व मराठी अशा तिन्ही भाषांतील शब्दांचा तक्ता लागला. तो मुलांनी लिहिला आणि आम्ही शिक्षकांनी पाठ केला. तरीही हंगामानंतर काही मुले परतली नाहीत, हे मी लपवू इच्छीत नाही. त्यांत मुलींची संख्या अधिक होती.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखविले. आश्रमशाळेचीही कसोटी हीच आहे. मुलाला आपल्या कुंपणात घेताना ती त्याचे गाव त्याच्यापासून हिरावून तर घेत नाही ना, हे तिने सतत पाहिले पाहिजे. जे मूल अक्षर शिकले परंतु आपल्या आजीची भाषा बोलण्यास लाजू लागले, त्याचे शिक्षण अपुरेच राहिले. ज्याने अक्षरही मिळविले आणि अरण्याचे ज्ञानही राखले, तोच ग्रामसभेत उभा राहून कायद्याचा कागद वाचू शकतो आणि तो गावास त्याच्याच भाषेत समजावून देऊ शकतो.

मित्रहो, तुमच्याही वर्गात एखादा अबोल विद्यार्थी असेल. तो का बोलत नाही, हे त्याच्याजवळ बसून विचारा. कदाचित तुम्हांस ठाऊक नसलेल्या वीस झाडांची नावे त्यास ठाऊक असतील.