ब्रह्मचर्य, कॅथलिक धर्मगुरूंचे

रोमन कॅथलिक चर्चच्या लॅटिन शाखेत गुरुदीक्षा घेणाऱ्यांनी आमरण अविवाहित राहावे व पूर्ण कामसंयम पाळावा, असा चर्चच्या कायद्याने घालून दिलेला नियम. ‘ब्रह्मचर्य’ हा शब्द येथे सोयीसाठी योजला आहे. हिंदू आश्रमव्यवस्थेतील ब्रह्मचर्याश्रमानंतर गृहस्थाश्रम अपेक्षित असतो. प्रस्तुत अवस्थेचे साम्य नैष्ठिक ब्रह्मचर्याशी अधिक आहे. जेझुइटांसारख्या धर्मसंघांचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. धर्मप्रांतातील सामान्य धर्मगुरू मात्र व्रतस्थ संन्यासी नसतो. तो बिशपसमोर अविवाहितत्वाचे व आज्ञाधारकतेचे वचन देतो आणि खाजगी मालमत्ताही बाळगू शकतो. हा नियम श्रद्धातत्त्व नसून शिस्तीचा भाग आहे, ही गोष्ट त्याचा इतिहास समजण्यास महत्त्वाची होय.

नव्या करारात असा सार्वत्रिक नियम आढळत नाही. पीटरच्या सासूचा उल्लेख मार्कच्या शुभवर्तमानात येतो, तर तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बिशप हा एका स्त्रीचा पती असावा, असे म्हटले आहे. उलटपक्षी मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात स्वर्गराज्यासाठी विवाहाचा त्याग करणाऱ्यांचा गौरव आहे. सु. ३०५ मध्ये स्पेनमधील एल्व्हिरा येथे भरलेल्या धर्मसभेने बिशप, धर्मगुरू व डीकन यांना आपापल्या पत्नींपासून दूर राहण्याची आज्ञा केली. पोप सिरिशियस यांच्या ३८५ मधील पत्राचा आशयही असाच आहे. म्हणजे प्रारंभी आग्रह होता तो दीक्षितांच्या संयमाचा. विवाहित पुरुषाला दीक्षा देऊच नये, असा नव्हे. एकाच घरात राहणाऱ्या पतिपत्नींकडून अशा आज्ञेचे पालन होणे कठीण होते आणि अनेक शतके ते झालेही नाही.

अकराव्या शतकातील सुधारणा चळवळीने या प्रश्नाला धार आणली. वेदीवरील सेवेची शुचिता हा तिचा घोषित हेतू असला, तरी चर्चच्या जमिनी धर्मगुरूंच्या मुलांकडे वारसाहक्काने जाऊ नयेत, ही चिंताही तितकीच खरी होती. चर्चच्या दासवर्गातून आलेल्या धर्मगुरूंची मुले, आई स्वतंत्र स्त्री असली तरी, चर्चचे दासच राहतील, असा निर्णय १०२२ मध्ये पाव्हिया येथे झाला. १०७४ मध्ये पोप सातवे ग्रेगरी यांनी विवाहित धर्मगुरूंची सेवा स्वीकारू नये, असे सामान्य श्रद्धावंतांनाच बजावले. १०८९ च्या मेल्फी येथील धर्मसभेने तर ऐकत नसलेल्या दीक्षितांच्या स्त्रियांना दास्यात देण्याची मुभा सरदारांना दिली. या सुधारणेची सर्वांत जबर किंमत ज्यांनी मोजली, त्या या स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे इतिहासात जवळजवळ उमटलेलेच नाही. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने दीक्षेनंतरचा विवाह हा विवाहच नव्हे, असे ठरविले. प्रॉटेस्टंट नेत्यांनी हा नियम झुगारला (ल्यूथरने १५२५ मध्ये एका माजी जोगिणीशी विवाह केला). ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये तो कायम ठेवला व धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी स्थापण्याचा आदेश देऊन त्याला व्यावहारिक आधार दिला.

पूर्वेकडे वेगळी वाट चोखाळली गेली. ६९१–९२ च्या ट्रुलो परिषदेनुसार दीक्षेपूर्वी विवाह केलेला धर्मगुरू वा डीकन संसार करू शकतो. बिशपला मात्र तशी मोकळीक नाही. दीक्षेनंतर विवाह करता येत नाही, त्यामुळे विधुर झालेला धर्मगुरू पुन्हा लग्न करीत नाही. पोपचे अधिपत्य मानणाऱ्या पौर्वात्य चर्चसंस्थांपैकी अनेकींमध्ये हीच परंपरा आहे. केरळातील सेंट टॉमस ख्रिस्ती समाजातही धर्मगुरू विवाहित असत. गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांनी १५९९ मध्ये उदयम्पेरूर येथे भरविलेल्या धर्मसभेने त्यांच्यावर लॅटिन नियम लादला. सीरो-मलबार चर्चमध्ये अविवाहितत्वाची प्रथा आजही टिकून आहे. मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र विवाहित धर्मगुरू आढळतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले, की अविवाहितत्व हे गुरुपदाच्या स्वरूपातच अंतर्भूत नाही. तथापि लॅटिन चर्चसाठी तिने ते कायम ठेवले. सहावे पॉल यांनी १९६७ च्या परिपत्रकात त्याचे विस्ताराने समर्थन केले. विद्यमान नियम १९८३ च्या कॅनन संहितेत आहेत. २७७ व्या कलमात मूळ बंधन आहे. अविवाहित उमेदवाराने डीकनपदाच्या दीक्षेपूर्वी ते जाहीरपणे स्वीकारावयाचे असते. विवाहित पुरुषाला स्थायी डीकन होता येते. त्यासाठी किमान ३५ वर्षे वय व पत्नीची संमती लागते. धर्मगुरूने नोंदणी पद्धतीने का होईना, विवाह केल्यास त्याचे पद आपोआप जाते व तो निलंबित होतो. चर्चच्या दृष्टीने तो विवाह अवैधच राहतो. गुरुवर्ग सोडणाऱ्यालाही विवाहाची मोकळीक आपसूक मिळत नाही. ती केवळ पोप देऊ शकतात. दीक्षा मात्र पुसली जात नाही. म्हणून असा माजी धर्मगुरू, मग तो संसारी का असेना, मरणासन्न व्यक्तीचा पापनिवेदन संस्कार वैधपणे करू शकतो.

अपवादही वाढत आले आहेत. अँग्लिकन पंथातून आलेल्या काही विवाहित धर्मगुरूंना अमेरिकेत दीक्षा देण्यास १९८० मध्ये मान्यता मिळाली व २००९ मध्ये अशा गटांसाठी स्वतंत्र रचना झाली. विरोधक यात विसंगती पाहतात : बाहेरून आलेल्याला संसारासह स्वीकारले जाते, आणि जन्मतः कॅथलिक असलेल्याला गुरुपद वा विवाह यांतून एक निवडावे लागते. आक्षेप बिनतोड नसला, तरी सहज खोडण्याजोगाही नाही. अ‍ॅमेझॉन खोऱ्यात धर्मगुरूंअभावी दुर्गम वस्त्यांत महिनोन्‌महिने मिस्सा होत नाही. त्यामुळे तेथील विवाहित, अनुभवी पुरुषांना दीक्षा द्यावी, अशी शिफारस २०१९ मध्ये रोम येथील बिशपांच्या सभेने बहुमताने केली. पोप फ्रान्सिस यांच्या फेब्रुवारी २०२० मधील उपदेशपत्रात तिचा स्वीकार झाला नाही.