विश्लेषण : ‘गेलो’ की ‘नेले’? टीव्हीवरच्या राजकीय वादात शब्दांना एवढे महत्त्व का?

बाळापूरचे शिवसेना आमदार नितीन देशमुख २२ जून २०२२ रोजी नागपुरात परतले आणि वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर बोलले. आपल्याला इच्छेविरुद्ध सुरतला नेले, हृदयविकाराचा झटका आल्याचे भासवून रुग्णालयात इंजेक्शन दिले, असा त्यांचा आरोप होता. एकनाथ शिंदे गटाने विमानातील छायाचित्रे पुढे करून तो फेटाळला. वाहिन्यांवर चर्चा रंगली ती खरे कोण बोलतो यावर. पण देशमुख ‘नेले’ म्हणत होते आणि समोरचे ‘आले’, या फरकात आमदारकीचा प्रश्न दडलेला होता.

कायदा काय सांगतो?

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार ‘स्वेच्छेने’ पक्षाचे सदस्यत्व सोडणारा आमदार अपात्र ठरतो. एक तृतीयांश आमदारांच्या ‘फुटी’ला असलेले संरक्षण २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून घेतले. गोव्यातील रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले, की राजीनामा दिला नसला तरी वागणुकीवरूनही सदस्यत्व सोडल्याचे मानता येते. कॅमेऱ्यासमोरचे बोलणे हीसुद्धा वागणूकच. त्यामुळे शिंदे यांच्यासोबतचे आमदार ‘आम्ही पक्ष सोडला’ असे म्हणणे शक्यच नव्हते. ‘आम्हीच शिवसेना’ हे पालुपद त्यातूनच आले.

मग ‘उठाव’, ‘गदर’, ‘खोके’?

‘बंड’ म्हटले की नेत्याविरुद्ध उभे राहिल्याची कबुली होते. गुलाबराव पाटील यांनी जुलै २०२२ मध्ये विधानसभेत ‘बंड नव्हे, उठाव’ अशी दुरुस्ती केली. ‘उठाव’ म्हटले, की जुलूम करणारा कुणीतरी आपोआप गृहीत धरला जातो. ‘गद्दार’ या शिवीवर शिंदे यांनी दसरा मेळाव्यात ‘गदर’ हे उत्तर दिले. गंमत अशी, की दोन्ही शब्दांचा अरबी धातू एकच आणि त्याचा मूळ अर्थ विश्वासघात!

‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा मात्र या सगळ्यांत हुशार. बोलीत ‘खोका’ म्हणजे एक कोटी, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. घोषणेत ना नाव, ना ‘लाच’ हा शब्द. आरोप गावोगाव पोहोचतो, पण सिद्ध करण्याची जबाबदारी कुणावरच येत नाही. चर्चेत सूत्रसंचालकाने पुरावा मागितला, तर ‘जनताच म्हणते’ हे उत्तर तयार असते.

‘गट’ या शब्दावरून खटके का?

निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिले. त्यानंतर ‘शिंदे गट’ म्हणताच त्यांचे प्रवक्ते सूत्रसंचालकाला अडवू लागले. ठाकरे बाजूने ‘मिंधे गट’ हा शब्द चालवला. सूत्रसंचालक कोणता शब्द वापरतो, त्यावरून वाहिनीचा कल जोखला जाऊ लागला.

विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ च्या निकालात दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. देशमुख नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मशाल’ चिन्हावर बाळापुरातून पुन्हा निवडून आले.