छत्तीस किलो कापसाचा हिशेब

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत असताना सातवीतल्या एका मुलीला मी विचारलं, "आईनं आज छत्तीस किलो कापूस वेचला. किलोमागे बारा रुपये वेचाई. किती मिळतील?" तिनं बोटंही मोजली नाहीत. "तीस किलोचे तीनशे साठ, सहाचे बहात्तर. मायले चारशे बत्तीस भेटतीन, बाई." मग तोच गुणाकार फळ्यावर उभा मांडला, 36 गुणिले 12, आणि खडू तिच्या हातात दिला. दोनानं गुणून तिनं 72 लिहिले. एकानं गुणून आलेले 36 बरोबर त्यांच्याखाली लिहिले आणि बेरीज केली 108.

शेताच्या बांधावर कुणी तिच्या आईच्या हातावर 108 रुपये ठेवले असते, तर ही मुलगी भांडली असती. फळ्यावर मात्र 108 पाहून तिला काहीच खटकलं नाही. बारामधला एक म्हणजे दहा आहे, हे तिच्या तोंडी हिशेबाला ठाऊक होतं; लेखी हिशेबाला कुणी सांगितलंच नव्हतं. गंमत अशी, की दोन्ही रीती मुळात एकच आहेत. तिनं छत्तीस फोडून तीस आणि सहा केले, वहीची रीत बारा फोडून दहा आणि दोन करते. आपल्या जिल्ह्यातल्या गणिताचं दुखणं मला या दोन हिशेबांमधल्या अंतरात दिसतं. पोरांना डोकं नाही, हे मी कधीच मान्य केलं नाही.

हे फक्त वर्ध्याचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक समोर असताना त्यांचे हिशेब जवळपास सगळे बरोबर येत. तीच उदाहरणं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली की बहुतेक चुकत. 2025 मध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल हेच दाखवलं, आणि उलट बाजूही दाखवली: शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता.

आणि शाळेतल्या गणिताचं हे दुखणं नुसती परीक्षा बदलून जात नाही. कॅरिबियन भागातल्या देशांनी 1972 मध्ये इंग्रजांच्या परीक्षा बाजूला सारून स्वतःचं सामाईक परीक्षा मंडळ काढलं. आपल्या दहावीसारख्या त्यांच्या परीक्षेत अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून कमी मुलांचं गणित निघतं; 2024 मध्ये तर जेमतेम 36 टक्के मुलांचं निघालं. परीक्षा आपली झाली म्हणून गणित आपलं होत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

आपल्याकडे 'असर' या शैक्षणिक पाहणीत 2023 मध्ये ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांना पट्टीनं एका वस्तूची लांबी मोजायला दिली. वस्तू शून्यावर ठेवली, तेव्हा 85 टक्क्यांच्या आसपास मुलांनी बरोबर सांगितलं. तीच वस्तू शून्यापासून थोडी सरकवून ठेवली, तर आकडा 39 टक्क्यांवर आला. म्हणजे बरीच मुलं मोजत नव्हती, टोकाजवळचा अंक वाचत होती. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्यांनाही जमलं नाही.

आणि हा प्रश्न ज्या गावात सोडवायला घेतला गेला, ते गाव आपलंच आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथं नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीनं 2 डिसेंबरला अहवाल दिला. समितीत विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा अशी माणसं होती. त्या अहवालातलं वेळापत्रक वाचून लोक दचकतात: साडेपाच तासांच्या शाळेत मूळ उद्योगाला 3 तास 20 मिनिटं, आणि संगीत, चित्रकला व गणित मिळून 40 मिनिटं! पण गणिताचा खरा तास त्या 3 तास 20 मिनिटांत दडलेला होता. अभ्यासक्रमात त्रैराशिक, व्याज, दशांश अपूर्णांक, क्षेत्रफळ, भूमिती, जमाखर्च सगळं होतं. अट एवढीच, की ते हातातल्या कामातून आणि घरच्या, गावच्या व्यवहारातून उगवलं पाहिजे.

ते कसं उगवतं, हे सुताच्या गुंडीवर पाहावं. सूत गुंडाळायच्या फाळक्याचा घेर चार फूट. एक वेढा म्हणजे एक तार. 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी, म्हणजे 640 तार. फुटांत 2560, यार्डांत 853 आणि वर एक तृतीयांश. हा एक तृतीयांश पुस्तकातून आलेला नाही, तो फाळक्यावरून उतरला आहे! आता गुंडी तोला. सुताचा अंक काढायची ढोबळ रीत अशी, की चाळीसला गुंडीच्या तोळ्यांतल्या वजनानं भागायचं. गुंडी चार तोळे भरली तर सूत दहा अंकी, दोनच तोळे भरली तर वीस अंकी. सूत जितकं बारीक, वजन तितकं कमी आणि अंक तितका मोठा. आठवीच्या पुस्तकात यालाच व्यस्त चलन म्हणतात. तिथं मुलं सूत्र पाठ करतात. कातणाऱ्या पोराच्या चिमटीला ते आधीच कळलेलं असतं.

'नई तालीम' म्हणून ओळखली गेलेली ही योजना देशभर टिकली नाही. मुलांच्या कमाईवर शाळा चालवायच्या, या तिच्यातल्या कल्पनेवर तेव्हाही जोराची टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. पुष्कळ ठिकाणी तास सुताचाच राहिला, त्यातलं गणित काढून दाखवणारा शिक्षक तयारच झाला नाही. पालकांनाही वाटलं, की आपल्या पोरांना टकळी आणि शहरातल्यांना पुस्तक. त्यांचा संशय खोटा कसा म्हणू? सेवाग्रामला नई तालीम समितीनं 2005 मध्ये 'आनंद निकेतन' ही शाळा सुरू केली. तिथं मुलं आजही शेती, स्वयंपाक, कताई करतात आणि त्यातून शिकतात. पण तिच्या शेजारच्या तालुक्यांतल्या शेकडो वर्गांपर्यंत ती रीत पोचलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. 1957 ला नवे पैसे आले, मग किलो-मीटर आले, आणि त्या पाढ्यांचं काम संपलं. ते पुन्हा घोकायला लावा असं मी म्हणणार नाही. पण पाव-पाऊण-दीड हे मुलांच्या कानावर पहिलीपासून पडत होतं. आता अपूर्णांक एकदम अंश आणि छेद होऊन समोर उभा राहतो.

हातच्या कामाला मर्यादा आहे, हेही सांगितलं पाहिजे. ऋण संख्येला ऋण संख्येनं गुणलं की धन का येतं, हे कापूस सांगणार नाही. बीजगणिताची वाट वेगळी असते, आणि ती दाखवायला गणित आवडणारा शिक्षक लागतो. बहुशिक्षकी शाळा दोन शिक्षकांवर चालवून, त्यांनाही सर्वेक्षणांना आणि निवडणुकीच्या कामाला जुंपून तो मिळत नाही.

तरी सातवी-आठवीपर्यंतचं खूप काही आपल्या घरात पडलेलं आहे. बाजार समितीत कापूस किंवा सोयाबीन विकून आलेल्या बापाच्या खिशात हिशेबाची पट्टी असते: क्विंटल-किलो, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. ती पट्टी वर्गात आणायला सांगितली, की गुणाकार, दशांश, वजाबाकी, शेकडेवारी एका कागदावर येतात, आणि उत्तर चुकलं तर ते कुणाचे पैसे चुकले हे पोरांना लगेच दिसतं. दहावीला गणिताच्या 100 पैकी 20 गुण शाळेच्या हातात असतात. त्यातले निदान काही अशा पट्ट्या तपासण्याला, शेताचा तुकडा टेपनं मोजून त्याचं क्षेत्रफळ काढण्याला द्यावेत. सध्या बहुतेक ठिकाणी ते वह्या उतरवून काढण्यात जातात.