डुकरातला जंत शाकाहारी माणसाच्या मेंदूत कसा?

कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला घरी अचानक फिट आली. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. पुढे मेंदूच्या स्कॅनमध्ये लहानशी गाठ दिसली. ही गाठ डुकरांत आढळणाऱ्या जंताच्या अळीची आहे, असे मी सांगताच त्याची आई दुखावली. "डॉक्टर, आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही!" तिचे म्हणणे खरे होते आणि निदानही बरोबर होते.

या जंताला फीतकृमी म्हणतात. शास्त्रीय नाव 'टीनिया सोलियम'. पूर्ण वाढलेला जंत माणसाच्याच आतड्यात राहतो आणि काही मीटर लांब होतो. त्याचे तुकडे शौचावाटे पडतात. एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. उघड्यावरचा मैला डुकराने खाल्ला की त्या अंड्यांतल्या अळ्या त्याच्या स्नायूंत जाऊन बसतात. मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारख्या गाठी दिसतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले तर खाणाऱ्याच्या आतड्यात पुन्हा जंत वाढतो.

मेंदूतली गाठ मात्र मांस खाऊन होत नाही. जंताची अंडी पोटात गेली की होते. जंत बाळगणाऱ्याचे न धुतलेले हात, मैल्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी किंवा दूषित पाणी यांतून अंडी कोणाच्याही ताटात येतात. अमेरिकेत न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू कुटुंबांतही हा आजार आढळल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. डुकराचे मांस त्यांना निषिद्ध! संसर्गाचा माग घरकामाच्या नोकरांपर्यंत गेला होता.

म्हणजे डुकराला हा रोग माणूसच देतो. बंदिस्त जागेत, स्वच्छ खाद्यावर वाढवलेल्या डुकरांत तो क्वचितच आढळतो; गावभर मोकाट फिरणाऱ्यांत जास्त. एखाद्या गावच्या डुकरांत गाठी वाढल्या, तर त्या गावचा मैला उघड्यावर पडतो आहे असे समजावे. डुकरांसाठी आता लसही निघाली आहे. वराहपालन करणाऱ्यांनी पशुवैद्यकांकडे चौकशी करावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा रोग जिथे मुरलेला आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत हेच कारण असते. म्हणून शौचालय वापरा. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चे खाण्याआधी वाहत्या पाण्यात नीट धुवा. डुकराचे मांस आतपर्यंत शिजवूनच खा. शौचात पांढरे चपटे तुकडे दिसले तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. मेंदूत गाठ निघाली तर जंताची गोळी दुकानातून आणून मनाने घेऊ नका. मेंदूतली अळी मरताना सूज येते आणि फिट वाढू शकतात. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

त्या मुलाची गाठ औषधांनी विरली, फिटही थांबल्या. त्याची आई आता नातेवाइकांना हा आजार लपवून न ठेवता सांगते. तिला मी एवढेच बजावले आहे, की फिटच्या गोळ्या मी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत.